गाडेकर सरांचे कप्पे

गाडेकर सरांना जेवायला वाढणं सोपं नव्हतं. भातावर वरण ओतलं की ते ताटाकडे असे बघायचे, जसं काही ते त्यांच्याच डोक्यावर ओतलंय. "वहिनी, वरण वाटीत," एवढंच म्हणायचे, तेही मऊ आवाजात. मग वाटीतलं वरण एका घासापुरतं भातावर घ्यायचे, तो घास संपला की पुढच्या घासापुरतं. भाजीचा रस्सा चटणीकडे निघाला तर भाकरीचा तुकडा मोडून मध्ये बांध घालायचे. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर बसून हे सगळं बघायच्या. एकदा त्यांना राहवलं नाही.

"सर, पोटात गेल्याव तरी एक होतंय का तितंबी भिती घातल्यात?"

सर घास हातात धरून विचारात पडले. मग म्हणाले, "आतलं आपल्या हातात नाही, आजी."

ते बेलापुरात आले तेव्हा नव्वद साल मागे पडून बरीच वर्षं झाली होती, तरी कॉम्प्युटर म्हटलं की आमच्याकडचे लोक श्रीरामपूरच्या दिशेला हात करायचे. सर हायस्कूलमध्ये तासावर होते. तास घेतला तर पैसे, सुट्टी आली की सुट्टीच. दुपारनंतर आमच्या पुढच्या खोलीत ते कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे, शेजारच्या लहान खोलीत राहायचे आणि जेवायला आमच्यात असायचे. राहुरीकडच्या एका मुलीशी त्यांचं लग्न ठरल्यासारखं होतं. ठरल्यासारखं म्हणजे मुलगी तयार, सर तयार, पत्रिका जुळलेली. फक्त मुलीचे वडील म्हणाले होते, "पत्रिका जुळली ते झकास. आता ऑर्डर दाखवा." ऑर्डर म्हणजे नोकरीत पर्मनंट झाल्याची. सर दर रविवारी एसटीडी बूथवर जाऊन राहुरीला फोन करायचे आणि मान खाली घालून परत यायचे.

"काय म्हनतोय सासरा?" आत्याबाई विचारायच्या.

"ते अजून सासरे या कप्प्यात बसत नाहीत, आजी."

कप्पा हा सरांचा लाडका शब्द होता. त्यांच्या खोलीत प्रत्येक वस्तूला कप्पा होता आणि प्रत्येक कप्प्याला चिठ्ठी. दाढीचं सामान, शिवायचं सामान, तुटलेलं पण लागेल असं सामान. भिंतीवर विजेची तीन बटणं होती, त्यांवर 'दिवा', 'पंखा' आणि 'काही नाही' अशा चिठ्ठ्या होत्या, कारण तिसऱ्या बटणाने खरंच काही लागायचं नाही. क्लासच्या मुलांचेही त्यांनी कप्पे पाडले होते. येणारे, येतो म्हणणारे, आणि आईला घेऊन येणारे. "वहिनी, एक वस्तू, एक घर," असं ते मला सांगायचे. "जगातल्या निम्म्या भानगडी वस्तू घरी नसल्यामुळे होतात." मी मान हलवायची. माझ्या स्वयंपाकघरात जिरं चहाच्या डब्यात आणि चहा बिस्किटाच्या डब्यात होता, हे त्यांना कळू नये म्हणून मी दार लोटून घ्यायची.

कॉम्प्युटरला त्यांनी कोणाच्या तरी लग्नात मिळालेल्या शालीचं पांघरूण केलं होतं. वीज गेली की त्याखालची बॅटरी टीं टीं करून ओरडायला लागायची. पहिल्या दिवशी आत्याबाई धावत आल्या. "आरं, त्याला भूक लागली का काय बघा!" त्यानंतर ती ओरडली की आमची सोनी, तेव्हा पहिलीत होती, आतून पळत जाऊन सरांना सांगायची, "सर, तुमचं बाळ उठलं."

तर अशा माणसाच्या वाट्याला ते काम आलं.

सरांचं हायस्कूल ज्या शिक्षणसंस्थेचं होतं, तिच्या चेअरमन साहेबांनी कुठेतरी इंटरनेट बघितलं. आपल्या शाळांतल्या मुलांसाठी पण तसलं काही पाहिजे असं त्यांच्या मनात आलं. संस्थेत कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस एकच, तो म्हणजे सर. सेक्रेटरी साहेबांनी नगरच्या ऑफिसात बोलावून सांगितलं, "मुलांच्या माहितीची वेबसाईट करा. चांगली झाली तर तुमच्या ऑर्डरचं बघू." सर नगरहून आले ते एसटीतून उतरून पळतच.

सर आमच्या ह्यांना सांगत होते ती वेबसाईट म्हणजे काय, हे मला दाराआडून ऐकून काही कळेना. ते सरांच्या ध्यानात आलं असावं. ते आत बघून म्हणाले, "वहिनी, समजा एक दुकान आहे आणि दुकानात दुकानदारच नाही. गिऱ्हाइकाने स्वतःच डबे उघडायचे आणि माल शोधायचा. डब्यावरची चिठ्ठी चुकली तर गिऱ्हाईक उपाशी घरी जाणार. म्हणजे सगळी करामत चिठ्ठ्यांची!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की जन्मभर याच कामाची वाट बघत होते.

त्यांनी चिठ्ठ्या झटपट केल्या. प्राणी, पक्षी, वनस्पती, वाहने, उपयोगी वस्तू. प्रत्येकीच्या आत चित्रं आणि माहिती. मग सोनीला आणि पलीकडच्या गल्लीतल्या प्रज्ञाला बोलावून बसवलं. प्रज्ञा दुसरीत होती, पण बोलणं चौथीच्या वरचं.

"हं, आता मला यातला ऊस शोधून दाखवा."

सोनीला वाचता येत नव्हतं, प्रज्ञा तिला चिठ्ठ्या वाचून दाखवत होती. वाहने म्हटल्याबरोबर सोनी म्हणाली, "त्येच दाब." आत ट्रॅक्टर होता, एसटी होती, बैलगाडी होती. दोघी बराच वेळ बघत राहिल्या.

"सर, ऊस टाकायचा राहिला तुमचा," प्रज्ञा म्हणाली.

"राहिला नाही. ऊस वाहन आहे का?"

"ट्रॉलीतच तर असतो की."

"ट्रॉलीत यायच्या आधी कुठे असतो?"

"रानात."

"मग रानात जे उगवतं त्याला काय म्हणायचं? वनस्पती!"

"न्हाई सर," प्रज्ञा म्हणाली. "वनस्पती पुस्तकात असती."

त्या दिवशी सर जेवताना बांध घालायचे विसरले. रस्सा चटणीत गेला, चटणी भातात गेली, त्यांचं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सातवीची मुलं आणली. श्रीरामपुरातून चित्रांचे तक्ते आणून, कापून, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवले होते. शेजारपाजारची सुपं गोळा करून अंगणात मांडली. कुठलं चित्र कुठल्या सुपात जाईल ते मुलांनी ठरवायचं आणि सुपाला नावही मुलांनीच द्यायचं. सातवीच्या मुलांनी बघता बघता प्राणी, पक्षी, वनस्पती असं लावून टाकलं. सर खूश झाले. आत येऊन मला चहा टाका म्हणाले. तेवढ्यात बाहेरून एका मुलाचा आवाज आला, "वटवाघूळ पक्ष्यात टाक रे. चुकलं तरी सर सांगतील. सुटू दे लवकर."

सर चहा न घेताच उठले. "वहिनी," ते म्हणाले, "हे त्यांचं लावणं नाही. हे पेपर सोडवणं चाललंय."

तिथून पुढे ते लहान मुलांच्या मागे लागले. पहिली, दुसरी, तिसरीची मुलं रोज संध्याकाळी आमच्या अंगणात जमायची. सर एका बाजूला उकिडवे बसायचे. काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळे ते दोन्ही हात तोंडावर दाबून धरायचे. मधूनमधून बोटांतून आवाज यायचा.

"तुळस झाडात का नाही टाकली?"

"तुळस झाड न्हाई सर. ती तुळस हाय."

"आणि कुत्रा?"

"तो मोत्याय."

म्हशीवरून तर हातघाई झाली. सोनीने म्हैस घेऊन चहा, साखर आणि गवळ्याची सायकल यांच्याबरोबर ठेवली. त्या सुपाचं नाव दूध. बाळ्या म्हणून बापू थोरातांचा तिसरीतला मुलगा होता, त्याने ती उचलून रानाच्या सुपात नेली, कारण म्हैस चरायला त्याला न्यावी लागायची. प्रज्ञाचं म्हणणं, म्हैस आजीच्या सुपात जायला पाहिजे, कारण सोनीच्या आजीशिवाय ती कोणाला धार काढू देत नाही. तिघांनी तीन बाजूंनी पुठ्ठा ओढला. म्हैस फाटली. पुठ्ठ्यामागच्या लग्नपत्रिकेतलं 'आमचे येथे' सोनीच्या हातात राहिलं आणि 'श्रीकृपेकरून' बाळ्याच्या.

सर तोंडावरचे हात काढून ओरडले, "अरे, म्हैस एक आहे! ती एकाच घरात राहणार!"

"का?" प्रज्ञाने विचारलं.

सर उठले, आत कॉम्प्युटरपाशी गेले, परत अंगणात आले, परत आत गेले. "सुपात ठेवायची तर एकाच सुपात ठेवावी लागेल," ते स्वतःशीच म्हणत होते. "पण इथे कुठे सूप आहे? इथे दुधातून गेलं तरी म्हैस भेटेल, रानातून गेलं तरी तीच भेटेल. वहिनी! एका म्हशीला कितीही रस्ते!" मी हो म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमाला ठाव हाय. तुमीच आत्ता आलाव गावात."

आता इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण सरांना वाटलं, चित्रांपेक्षा खऱ्या वस्तू असल्या तर मुलं अजून मोकळेपणी लावतील. त्यांनी मुलांना सांगितलं, "उद्या येताना घरातून मनाला येतील त्या वस्तू आणा." एवढंच सांगितलं. विचारून आणा असं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात लाटणी आली, देवघरातली घंटा आली, कोणाच्या आजोबांची कवळी पेल्यासकट आली, एक खुडुक कोंबडी आली, शिलाई मशीनचं चाक आलं. मुलं भराभर सुपं भरत होती आणि नावं देत होती. 'हात लावला की मार' हे सूप सगळ्यांत आधी भरलं आणि त्याला परात जोडावी लागली. 'पाहुणे आल्यावर' मध्ये कपबश्या, नवी चादर आणि घंटा. 'अंधारात भीती वाटते ते' मध्ये कवळी. आणि एका टोपलीला बाळ्याने नाव दिलं, 'शेजारून आणलेल्या'. तीत पाटा, किसणी, उसाचा कोयता, इस्त्री आणि एक पितळी चाळणी होती. ती चाळणी माझी होती. मी दोन दिवाळ्या शोधत होते.

चाळणी घ्यायला मी बाहेर यावं की नाही असा विचार करत होते, तोवर गल्लीच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. बापू थोरात पायात चिखल तसाच घेऊन येत होते.

"बाळ्याऽ! आरं लाईट आली! मोटारीचा फ्यूज कुठंय रं?"

बाळ्याने 'हात लावला की मार'च्या परातीकडे बोट दाखवलं. मोटारीच्या पेटीतून तिन्ही फ्यूज काढून आणले होते.

"समदा ऊस वाळाया लागला, आन् ह्ये फ्यूज घिऊन खेळ्तंय! सर, तुमी मास्तर हाय का कोन हाय?"

"बापू, रागावू नका. एक सांगा, तुम्ही हे फ्यूज कोणत्या वस्तूंबरोबर ठेवाल?"

"मोटारीबरूबर!" बापू असे ओरडले की कोंबडी सुपातून उडाली.

बापूंच्या मागोमाग बायका आल्या. 'शेजारून आणलेल्या' टोपलीभोवती सगळ्या थांबल्या आणि मग जे काही झालं ते मी लिहीत नाही. कोणाची किसणी कोणाकडे किती वर्षं होती ते सगळ्या गल्लीला कळलं. दोन घरांतलं बोलणं पोळ्यापर्यंत बंद होतं. सर मधे उभे राहून म्हणत होते, "ताई, भांडू नका, वर्गीकरण फार उत्तम झालंय."

वेबसाईटवर शेवटी मुलांचेच कप्पे गेले. नावं वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक कप्प्यावर चित्र आलं. 'हात लावला की मार' यावर कशाचं चित्र टाकायचं असं सरांनी विचारलं, तर सगळी मुलं एका सुरात म्हणाली, आजीचा पानाचा डबा. आत्याबाईंनी त्यासाठी डबा चिंचेने घासून दिला. त्या कप्प्यात फ्यूज होता, कीटकनाशक होतं, वीज होती, विहीर होती. ज्याला हात लावायचा नाही त्याचीच माहिती मुलं सगळ्यांत जास्त वेळ बघत बसायची. "यांना भीती कशाची आणि का ते कळलं तरी पुष्कळ झालं," सर म्हणायचे. त्या दिवसांत त्यांनी 'एक वस्तू, एक घर' म्हणणं सोडून दिलं होतं.

मग चेअरमन आणि सेक्रेटरी बघायला येणार असा निरोप आला. कॉम्प्युटर नगरला नेणं धोक्याचं होतं, म्हणून तेच येणार होते. सरांना रात्रभर झोप नव्हती. सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, तो बदलला, मग पहिलाच घातला. "वहिनी, आज जे व्हायचं ते होईल. ऑर्डर तरी येईल, नाही तर राहुरी तरी जाईल." आमच्याकडे धड खुर्ची नव्हती, म्हणून आमच्या ह्यांनी बापू थोरातांकडून हाताची खुर्ची आणली. बापूंनी दिली, हेच विशेष.

जीप आली. चेअरमन साहेब अंगाने भरदार आणि बोलायला मोकळे होते. ते खुर्चीत बसले. सेक्रेटरी साहेब सडपातळ, चष्म्यावरून बघणारे, ते उभेच राहिले. मुलं सुपं, टोपली आणि चित्रं घेऊन भिंतीकडेला बसली होती, कारण सरांना सगळं पहिल्यापासून दाखवायचं होतं. सरांनी कॉम्प्युटर सुरू केला. सेक्रेटरी साहेबांनी वाकून वाचलं.

"दूध. रान. हात लावला की... गाडेकर, हे काय आहे? यात संस्थेचा इतिहास कुठे आहे? ध्येयधोरणं? साहेबांचं मनोगत?"

"मुलं ज्या पद्धतीने शोधतात..."

"मुलं काय संस्था चालवतात का?" त्यांनी पाकिटातून एक रंगीत फोटो काढला. चेअरमन साहेबांचा, फेट्यातला. "हा पहिल्या पानावर मोठा आला पाहिजे."

चेअरमन साहेब हसून म्हणाले, "सेक्रेटरी, थांबा जरा. पोरांनीच ठरवलंय ना समदं? मग आमाला कुठं ठेवायचं तेबी त्यांनाच विचारू की. काय गं बाय, हा फोटो कुठल्या सुपात टाकशील?"

सोनीने फोटो घेतला, साहेबांकडे बघितलं, आणि न घाबरता कपबश्यांच्या सुपात ठेवला. "पाहुणे आल्यावर."

"वा वा," साहेब म्हणाले. "पाहुनाच हाय मी."

"न्हाई," प्रज्ञाने फोटो उचलला. "सर सकाळी म्हनले, साहेबांच्या जवळ जायचं न्हाई, कशाला हात लावायचा न्हाई. म्हंजे ह्यात." आणि तो पानाच्या डब्यापाशी गेला.

मी पडद्याआड चहाचा ट्रे धरून उभी होते, बाहेर जाण्याचा माझा धीर होईना.

तेवढ्यात बाळ्या पुढे सरकला. त्याने फोटो घेतला, तो खालून वर नीट बघितला आणि 'शेजारून आणलेल्या' टोपलीत टाकला.

"आरं, ह्ये कसं काय?" साहेबांनी विचारलं.

"खुर्ची आमची हाय," बाळ्या म्हणाला. "जाताना ठिवून जायची हाय."

मग चेअरमन साहेबांचं पोट हललं. आधी नुसतं पोट हललं, मग खुर्ची करकरायला लागली, मग ते मांडीवर हात मारून असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "सेक्रेटरी, ऐकलं का? इलेक्शन तोंडाव आलंय, आन् ह्ये पोरगं काय म्हनतंय बघा! जाताना ठिवून जायची!"

सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. चहा झाला, साहेब जीपकडे गेले, तसे ते दारात मागे राहिले आणि सरांना हळू म्हणाले, "साहेब हसतात, सही मी करतो. पहिलं पान मी सांगितलं तसं झालं तर ऑर्डर. नाही तर तुम्ही आणि तुमची म्हैस." आणि गेले.

सर ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. चेहरा उतरलेला होता. त्यांनी आत बघितलं तर सगळी मुलं पाहुण्यांची उरलेली बिस्किटं खात बसली होती.

"वहिनी, ही तर पुढे होती. इकडे कुठून आली?"

"मागच्या दाराने," मी म्हटलं. "पुढं साहेबांचे बूट होते ना. पोरं नेहमी मागूनच येतात."

सर मागच्या दाराकडे बघत राहिले. मग दारापर्यंत गेले, बाहेर डोकावले, वळून पुढच्या दाराकडे बघितलं. ट्रे त्यांच्या हातात तसाच होता. मग त्यांनी बाळ्याच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं, खाल्लं, आणि ट्रे चुलीवर ठेवून खोलीत निघून गेले. ट्रे काळा पडला तो पडलाच.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या ऑफिसातही एक कॉम्प्युटर आला, तेव्हा ते फ्लॉपी खिशात घालून नगरला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा पायरीवर बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या पानावर फेट्यातले साहेब मोठे केले होते. खाली इतिहास, ध्येयधोरणं, मनोगत, सेक्रेटरींनी म्हटलं तसं सगळं. फक्त उजव्या कोपऱ्यात एक लहानशी म्हैस होती. तिच्यावर दाबलं की मुलांचे कप्पे उघडायचे. तसं कुठे लिहिलं नव्हतं.

"मग? बघितली का त्यांनी?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"बघितली. म्हणाले, ही कशाला?"

"मग?"

"मी म्हटलं, ग्रामीण भागाचं प्रतीक आहे, साहेब." सरांनी कान धरले. "वहिनी, हे खोटं झालं का हो?"

"अजाबात न्हाई," आत्याबाई आतून म्हणाल्या. "प्रतीक का फितीक, म्हैस गावचीच हाय."

"ते म्हणाले, छान आहे. दुसऱ्या कोपऱ्यात शेळी पण टाका."

म्हणून शेळीही आली. शेळीवर दाबून काहीच उघडायचं नाही. मुलं पुढे कितीतरी दिवस शेळीवर दाबून बघायची आणि मग तिला शिव्या द्यायची.

ऑर्डर शनिवारी आली. हायस्कूलचा शिपाई सायकलवरून घेऊन आला. सर पर्मनंट झाले होते, पण जामखेडच्या बाजूच्या शाळेत, सोमवारी हजर व्हायचं होतं. मी त्या दिवशी बहिणीच्या मुलीच्या बारशाला पुणतांब्याला निघाले होते, आणि मंगळवारी परत आले तोवर खोली रिकामी झाली होती. त्यामुळे सर निघाले कसे, टेम्पोत काय काय गेलं, ते मला माहीत नाही. मी त्यांना बघितलं ते शनिवारी दुपारीच, निघता निघता.

पुढच्या खोलीत मुलांची रांग लागली होती. सोनी कॉम्प्युटरपुढे होती आणि विंचू शोधत होती. तो कोणत्या कप्प्यात आहे ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येकाने एकेकदा शोधून बघायचं असं त्यांचं ठरलं होतं. सर ऑर्डर हातात घेऊन दारातून आत आले.

"पोरांनो," ते म्हणाले. "मी पर्मनंट झालो!"

"सर, हळू बोला," प्रज्ञा मागे न बघता म्हणाली. "ती शोधतीय."

"काय शोधते? विंचू? अगं तो..."

"सांगू नका!" सगळी एकदम ओरडली.

सर कागद हातात धरूनच पुढे सरकून कॉम्प्युटरकडे वाकायला लागले, तसा बाळ्याने त्यांचा शर्ट ओढला. "सर, मागं. नंबरानं या."

मी पडद्याआडून हळूच म्हटलं, "सर, राहुरीला फोन करायचा ना?"

"करतो वहिनी," ते म्हणाले, आणि ऑर्डरची घडी घालून खिशात ठेवत बाळ्याच्या मागे मांडी घालून बसले. "एवढा माझा नंबर होऊ द्या."

माझी एसटीची वेळ झाली होती. पिशवी उचलून मी मागच्या बाजूने बाहेर पडले आणि खिडकीवरून जाताना एकदा आत बघितलं. रांग थोडी पुढे सरकली होती, आणि सर बसल्या जागेवरून ढुंगणाने सरकत, मान उंच करून, सोनीने काय दाबलं ते बघायची धडपड करत होते.